आधी हेलिकॉप्टर, मग क्राफ्ट बिअर: डोंगरातल्या ट्रिपबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी अशा ट्रिपा करतोय आणि मित्रमंडळींना, त्यांच्या मित्रांना प्लॅन करून देतोय, त्यामुळे मेसेजमध्ये तेच तेच प्रश्न परत परत येतात. ते सगळे इथे एकत्र केलेत. शक्यतो लोकांनी विचारले तसेच ठेवलेत. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा द्यायला नको म्हणून प्रश्नांना नंबर टाकलेत, जिथे गरज आहे तिथे त्या नंबरवर जा.

१. ह्या ट्रिपमध्ये नक्की असतं काय? हेलिकॉप्टरमध्ये बसून बिअर प्यायची का?

नाही, हा गैरसमज पहिल्यांदा दूर करू. उडताना कोणी पीत नाही. साधारण २० ते ४० मिनिटं हेलिकॉप्टरमधून डोंगर बघायचे, म्हणजे सुळके, खिंडी, बर्फ असेल तर हिमनदी, आणि मग जमिनीवर उतरून छोट्या ब्रुअरीत तिथेच बनवलेल्या चार-पाच बिअर थोड्या थोड्या चाखायच्या. ह्याचे तीन प्रकार बघायला मिळतात. एकात हेलिकॉप्टर चक्कर मारून जिथून निघालं तिथेच परत येतं आणि पुढे गाडीने ब्रुअरीत जायचं. दुसऱ्यात हेलिकॉप्टर तुम्हाला डोंगरातल्या गावात सोडतं, तिथे टेस्टिंग, आणि परत येताना गाडी. तिसऱ्यात वर कुठेतरी पठारावर किंवा तळ्याकाठी उतरून तिथेच ग्लास भरतात आणि परत हेलिकॉप्टरने खाली आणतात. मला विचाराल तर दुसरा प्रकार सगळ्यात चांगला. तिसऱ्याचे फोटो भारी येतात, पण त्यात एक अडचण आहे, ती पुढच्याच उत्तरात सांगतो.

२. आधी बिअर की आधी हेलिकॉप्टर? ऑपरेटर म्हणतो दोन्ही चालतं.

आधी हेलिकॉप्टर. कायम. ह्या सगळ्या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

कारणं बरीच आहेत. एक म्हणजे पोटात बिअर, त्यातला गॅस, आणि वर डोंगराजवळची हवा म्हणजे हेलिकॉप्टर थोडंफार हलणारच, तर मळमळ ठरलेली. वर गेलं की बाहेरचा दाब कमी होतो आणि पोटातला गॅस फुगतो, त्यामुळे जमिनीवर बरं वाटणारं पोट वर गेल्यावर टम्म होतं. दुसरं, बिअर प्यायल्यावर अर्ध्या तासात लघवीला लागते आणि हेलिकॉप्टरमध्ये टॉयलेट नसतं, हे ऐकायला साधं वाटतं पण दरीच्या मधोमध फार साधं नसतं. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, फिरत्या पंख्याखाली चालत जायचं, पट्टा लावायचा, इमर्जन्सीत दार कसं उघडायचं ते ऐकून लक्षात ठेवायचं, ह्या सगळ्याला डोकं जागेवर लागतं.

चौथं कारण कोणी सांगत नाही, ते चवीचं आहे. उड्डाणानंतर मन शांत झालेलं असतं, घाई नसते, समोर तोच डोंगर दिसत असतो ज्याच्या कड्याजवळून तुम्ही तासाभरापूर्वी गेलात, आणि अशा वेळी घेतलेला पहिला घोट नीट लक्षात राहतो. उलट केलं तर टेस्टिंगभर सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे.

तिसऱ्या प्रकारची ट्रिप असेल, म्हणजे वर बिअर आणि हेलिकॉप्टरने परत, तर वर फक्त एक-दोन छोटे ग्लास घ्या आणि बाकीचं टेस्टिंग खाली आल्यावर करा. चांगले ऑपरेटर स्वतःच असं ठेवतात.

३. पायलट पण आमच्याबरोबर घेतो का?

अजिबात नाही, एक घोट सुद्धा नाही. अमेरिकेत नियम असा की शेवटचा घोट घेतल्यापासून ८ तास उडवता येत नाही आणि रक्तातलं अल्कोहोल ०.०४ टक्क्यांच्या खाली हवं. भारतात हीच मर्यादा १२ तासांची आहे. आणि हे कमीत कमी आकडे आहेत, बरेच पायलट आदल्या रात्रीपासूनच लांब राहतात. पायलट टेस्टिंगच्या टेबलावर येऊन बसला तरी त्याच्यासमोर पाणी किंवा कॉफीच असली पाहिजे. कोणी प्रेमाने ‘एक घोट घ्या हो’ म्हणून आग्रह करत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

४. टेस्टिंगमध्ये किती प्यायली जाते? चढते का?

टेस्टिंगच्या ट्रेला सुद्धा ‘फ्लाइट’च म्हणतात, हा योगायोग मला फार आवडतो. लाकडी पट्टीला खाचा असतात, त्यात चार-पाच छोटे ग्लास, प्रत्येकात १०० ते १५० मिली.

आता हिशोब बघा. १२० मिलीचे चार ग्लास आणि सगळ्या बिअर ५ टक्के धरल्या तर एकूण ४८० मिली, त्यात साधारण १९ ग्रॅम अल्कोहोल. मोठ्या माणसाचं शरीर तासाला ढोबळमानाने ७ ते १० ग्रॅम बाहेर काढतं, म्हणजे एवढं उतरायला दोन ते पावणेतीन तास जातात. आता त्यातलाच एक ग्लास १० टक्क्यांच्या इम्पीरियल स्टाउटचा, म्हणजे गडद आणि कडक बिअरचा असेल तर त्या एका छोट्या ग्लासातच साडेनऊ ग्रॅम, म्हणजे साध्या दोन ग्लासांएवढं. त्यामुळे ग्लास मोजू नका, बोर्डवर एबीव्ही (अल्कोहोल किती टक्के) लिहिलेलं असतं ते वाचा. दिसायला सगळे ग्लास सारखेच असतात.

आणि सगळं संपवलंच पाहिजे असं काही नाही. दोन घोट घेऊन बाकीचं ओतायला भांडं मागा, कुठल्याही बऱ्या ब्रुअरीत ते असतं आणि कोणाला वाईट वाटत नाही.

५. उंचीवर दारू लवकर चढते म्हणतात, खरंय का?

अर्धं खरं. तेवढ्याच बिअरने रक्तात जाणारं अल्कोहोल तेवढंच असतं, उंचीने ते वाढत नाही. पण ३००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ७० टक्क्यांवर येतो म्हणजे ऑक्सिजन पण त्याच प्रमाणात कमी मिळतो, त्याने डोकं जड होणं, धाप लागणं, दमल्यासारखं वाटणं हे आपोआप होतं आणि त्यावर बिअर आली की दोन्ही मिळून जास्त चढल्यासारखं वाटतं. शिवाय डोंगरातली हवा कोरडी, श्वासातूनच बरंच पाणी जातं.

वर तासभर थांबून खाली यायचं असेल तर ह्याचा फार त्रास होत नाही. पण मुक्काम २५०० मीटरच्या वर असेल तर मात्र जपा, कारण उंचीचा त्रास साधारण त्याच्यावर सुरू होतो, आणि पहिले दोन दिवस दारू टाळावी असं डॉक्टर सांगतात. डोकेदुखी हँगओव्हरची का उंचीची हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळत नाही, आणि तिथेच लोक चुकतात. म्हणून उंचावर राहणार असाल तर टेस्टिंग शेवटच्या दिवशी ठेवा.

६. बुकिंग करताना वजन का विचारतात? थोडं कमी सांगितलं तर चालेल ना?

नाही चालणार, प्लीज असं करू नका. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि दर वेळी मी तेवढ्याच कळकळीने उत्तर देतो.

हेलिकॉप्टर हवेवर उभं राहतं, आणि वरची हवा विरळ. त्यात दिवस गरम असेल तर ती आणखी विरळ होते. म्हणजे तेच मशीन, तोच पायलट, पण खाली जेवढं वजन उचलतं तेवढं वर उचलत नाही. रॉबिन्सन आर ४४ म्हणजे पायलट धरून चार जणांचं छोटं हेलिकॉप्टर, त्याचं उड्डाणाचं जास्तीत जास्त वजन ११०० किलोच्या थोडं वर आहे, ह्यात मशीन, इंधन, माणसं, बॅगा सगळं आलं. डोंगरात जास्त करून एअरबसचं एच १२५ दिसतं, ज्याला जुने लोक अजून स्क्विरल म्हणतात, ते ह्यापेक्षा बरंच ताकदीचं. त्याच्याच आधीच्या आवृत्तीने १४ मे २००५ ला दिदिए देलसाल ह्या फ्रेंच टेस्ट पायलटने एव्हरेस्टच्या माथ्यावर लँडिंग केलं होतं. पण ते करताना मशीन होता होईल तेवढं हलकं केलेलं होतं, आणि मुद्दा तोच आहे, उंची पाहिजे असेल तर वजन सोडावं लागतं.

माझ्यासमोर झालेली गोष्ट सांगतो. आमच्या ग्रुपमधल्या दोघांनी फॉर्मवर वजन थोडं थोडं कमी लिहिलं होतं. हेलिपॅडवर काटा होता, सगळ्यांना बॅगेसकट उभं केलं, आणि दोघांचं मिळून १७ किलो जास्त निघालं. पायलट काही बोलला नाही, कागदावर आकडेमोड केली, थोडा वेळ गप्प बसला आणि मग सांगितलं की वरचं लँडिंग होणार नाही, फक्त चक्कर मारू. वर उतरायचं म्हणून जी ट्रिप सहा महिने ठरवत होतो ती त्या १७ किलोंमध्ये गेली. त्या दोघांचे चेहरे अजून आठवतात मला. कपडे, बूट, जॅकेट, कॅमेरा धरून खरं वजन सांगा, काट्याला लाजायचं काही कारण नाही.

७. पुढची सीट मिळेल का? खिडकी?

सीट पायलट ठरवतो आणि ती वजनावरून ठरते (बघा प्र. ६). मागता येते, हट्ट करता येत नाही. एच १२५ मध्ये मागे चार जण बसतात, त्यातल्या मधल्या दोघांना पण समोरून बऱ्यापैकी दिसतं कारण काच मोठी असते.

८. सगळे सकाळचाच स्लॉट घ्या म्हणतात. मला दुपारी जमतं, काय फरक पडतो?

बराच पडतो. सकाळी डोंगर थंड असतो आणि हवा शांत. ऊन वर आलं की उतार तापतात, त्यांच्यालगतची हवा वर चढायला लागते, दरीतून वारा वर येतो, दुपारपर्यंत माथ्यावर कापसासारखे ढग जमतात आणि उन्हाळ्यात त्यांचंच वादळ पण होतं. त्या वाऱ्यात हेलिकॉप्टर हलतं, कड्याच्या मागच्या बाजूला हवा खाली दाबते, आणि पायलटला कड्यापासून लांब राहावं लागतं, म्हणजे तुम्हाला दिसतं पण कमीच. शिवाय सकाळचं ऊन तिरपं असतं, घड्या आणि कपाऱ्या त्यातच उठून दिसतात.

आणि सकाळी उडालं की टेस्टिंग दुपारी जेवणाबरोबर आरामात होतं, म्हणजे प्र. २ चा प्रश्नच मिटतो. माथ्यावर भिंगासारखे गुळगुळीत, ताटल्या एकावर एक ठेवल्यासारखे ढग स्थिर उभे दिसले तर समजा वर जोरदार वारा आहे, अशा दिवशी कॅन्सल झालं तर वाद घालू नका.

९. हवा बिघडली तर पैसे जातात का?

ऑपरेटरने स्वतः रद्द केलं तर बहुतेक ठिकाणी दुसरी तारीख किंवा पैसे परत, पण अर्ध्यातून परत फिरलं तर काय, हे प्रत्येकाचं वेगळं असतं आणि तेच आधी विचारून लेखी घ्यायचं. टेस्टिंगचं बुकिंग वेगळं असेल तर त्याचा नियम पण वेगळा, हे पुष्कळ जण विसरतात. उड्डाण रद्द पण ब्रुअरी चालू, मग त्यांच्याकडून पैसे मिळत नाहीत.

ट्रिपसाठी जातो तिथे एक दिवस हातात जास्त ठेवा. आम्ही एकदा निघून बारा मिनिटं झाली होती, समोरची खिंड दिसत होती, आणि बघता बघता तिच्यात ढग भरला. पायलटने हेडसेटवर शांतपणे सांगितलं, मागे फिरतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच खिंड एकदम लख्ख होती. तो मागे फिरला म्हणून आजही मी त्याच्याकडेच बुकिंग करतो.

१०. इंजिन बंद पडलं तर सरळ दगडासारखं खाली येतं ना?

नाही येत. इंजिन थांबलं तरी मोठा पंखा इंजिनपासून सुटा होऊन फिरत राहतो, खाली येताना खालून वर जाणारी हवाच त्याला फिरवते, भिंगरीसारखी, आणि जमिनीजवळ आल्यावर पायलट त्या फिरण्यातलीच ताकद वापरून वेग मारतो आणि टेकवतो. ह्याला ऑटोरोटेशन म्हणतात आणि लायसन्स मिळवताना प्रत्येक पायलटला ते शिकावंच लागतं. डोंगरात उतरायला सपाट जागा कमी हे खरं, म्हणूनच अनुभवी पायलट रस्ता निवडतानाच अशा जागा डोक्यात धरून जातो. भीती वाटत असेल तर निघण्याआधी त्यालाच विचारा, चांगला पायलट हा प्रश्न आवडीने समजावतो.

११. मळमळ होते मला. आणि कानाला दडे बसतात.

गाडी लागणाऱ्यांनी उड्डाणाआधी थोडं कोरडं खाऊन जा, उपाशी नको आणि पोटभर पण नको. नजर लांब डोंगराच्या रेषेवर ठेवा, मोबाइलच्या स्क्रीनवर नाही, कारण खाली मान घालून व्हिडिओ बघणाऱ्यालाच पहिल्यांदा होतं.

गाडी लागू नये म्हणून ज्या गोळ्या घेतात त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, आणि त्यावर बिअर घेतली की गुंगी दुप्पट वाटते. गोळी घेतली असेल तर टेस्टिंग दुसऱ्या दिवशी करा किंवा फक्त वास घेऊन बघा, त्यातही मजा असते, खरंच.

कानांसाठी आवंढा गिळा, जांभई द्या, नाक धरून हळूच फुंका. त्रास वर जाताना कमी आणि खाली येताना जास्त होतो. सर्दीने नाक चोंदलेलं असेल तर जाऊ नका, कान दुखून बेजार होतो आणि चोंदलेल्या नाकाला बिअरचा वासही कळत नाही, म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

१२. चढता-उतरताना काय काळजी घ्यायची?

पायलटने किंवा खाली जमिनीवर उभ्या असलेल्या ऑपरेटरच्या माणसाने खूण केल्याशिवाय जवळ जायचं नाही. जायचं ते समोरून, पायलटला दिसेल असं, थोडं वाकून. मागे शेपटीकडे कधीच नाही, तिथला छोटा पंखा इतका जोरात फिरतो की डोळ्याला दिसतच नाही. टोपी, स्कार्फ, कागद सगळं बॅगेत.

डोंगरात आणखी एक गोष्ट, आणि ती सपाटीवर लागत नाही म्हणून लोकांना माहीत नसते. हेलिकॉप्टर उतारावर टेकलं असेल तर वरच्या बाजूने पंखा आणि जमीन ह्यातलं अंतर फार कमी असतं. म्हणून वरच्या अंगाने कधी उतरायचं नाही आणि चढायचं पण नाही, कायम उताराच्या खालच्या बाजूने ये-जा. मी वरून उतरलो तेव्हा सवयीने मोकळ्या, उंच बाजूला वळलो होतो, खालच्या माणसाने दोन्ही हात आडवे करून मला जागच्या जागी उभं केलं. त्या दिवशी मी वर बघितलं आणि पंख्याचं टोक किती खाली येतं ते नीट समजलं.

१३. काय घालू? फोटो चांगले येण्यासाठी काही?

गडद रंगाचा शर्ट घाला, पांढरा किंवा भडक घातला की काचेत तुमचंच प्रतिबिंब फोटोत येतं. लेन्स काचेजवळ ठेवा पण टेकवू नका, थरथर फोटोत उतरते. खाली ऊन असलं तरी वर उतरणार असाल तर जॅकेट आणि पकड असलेले बूट हवेतच. बॅग छोटी आणि मऊ. आणि पहिली पाच मिनिटं फोन खिशात ठेवून नुसतं बघा, ही माझी विनंती आहे.

१४. मला बिअरमधलं काही कळत नाही. तिथे काय मागू?

फार छान, मग तुम्हाला जास्त मजा येईल. हलक्याकडून जड बाजूला जा. आधी लागर किंवा पिल्सनर, मग गव्हाची, मग पेल एल (जरा कडवट), मग आयपीए (आणखी कडवट), शेवटी पोर्टर-स्टाउट (गडद, भाजक्या चवीच्या). उलट गेलात तर आयपीएचा कडवटपणा जिभेवर बसतो आणि नंतरची पिल्सनर पाण्यासारखी लागते.

ग्लास आला की लगेच पिऊ नका. उजेडात धरून रंग बघा, मग ग्लास हलका फिरवा आणि नाक आत घालून दोन छोटे श्वास घ्या. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं, त्यांच्या जातीप्रमाणे वास बदलतो, कॅस्केड नावाची अमेरिकन जात १९७२ मध्ये आली, तिला फुलांचा आणि ग्रेपफ्रूटच्या सालीसारखा वास असतो, आणि अमेरिकन क्राफ्ट बिअरला तिनेच बऱ्यापैकी वळण दिलं. माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) वास म्हणजे भाजलेला पाव, बिस्किट, गडद बिअरमध्ये कॉफी किंवा करपलेली साखर. मग घोट घ्या, तोंडात जरा फिरवा, गिळा, आणि गिळल्यावर काय उरतं ते बघा, कारण क्राफ्ट बिअरची अर्धी गोष्ट तिथे असते.

स्टाउट आली आणि बर्फासारखी गार असेल तर ग्लास दोन्ही तळव्यांत धरून पाच मिनिटं थांबा. मी दर वेळी करतो हे. पहिल्या घोटात फक्त कडू लागतं, आणि जसजशी ती १०-१२ अंशांकडे येते तसतसं चॉकलेट वर यायला लागतं, शेवटचा घोट जणू दुसरीच बिअर. लागर मात्र गारच हवी, ४ ते ७ अंश.

मध्ये मध्ये पाणी आणि साधा पाव. आवडली नाही तर सरळ सांगा, ब्रुअरीतल्या माणसाला ते ऐकायला आवडतं आणि तो मग तुमच्या तोंडाला जमेल अशी काढून देतो.

१५. हेलिकॉप्टरमधून उतरल्या उतरल्या बिअर फिकी का लागली?

मोठ्या सततच्या आवाजात गोड चव दबते, आणि कोरड्या हवेने नाक सुकलं की वास कमी कळतो, आणि चव म्हणजे बरीचशी वासच. उतरल्यावर वीस-पंचवीस मिनिटं शांत बसा, दोन ग्लास पाणी प्या, मग सुरू करा.

१६. डोंगरातली बिअर खरंच वेगळी असते की नुसतं मार्केटिंग?

दोन गोष्टी खऱ्या आहेत, बाकीचं ‘हिमनदीचं शुद्ध पाणी’ वगैरे लेबल बघून भुलू नका.

पहिली गोष्ट पाणी. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच. ग्रॅनाइटच्या डोंगरातून आलेलं पाणी मऊ असतं, चुनखडीतून आलेलं जड, म्हणजे जास्त क्षारांचं. मऊ पाण्यात पिल्सनर सुंदर होते, आताच्या चेक देशातल्या प्लझेन शहरात १८४२ ला ती पहिल्यांदा बनली त्यात तिथल्या मऊ पाण्याचा वाटा मोठा होता. उलट इंग्लंडमधल्या बर्टनचं पाणी जिप्समवालं जड, त्यात हॉप्सचा कडवटपणा टोकदार होतो म्हणून तिथली पेल एल गाजली. आता पाणी पाहिजे तसं करून घेता येतं, पण बऱ्याच छोट्या ब्रुअऱ्या आपल्या पाण्याला साजेशीच बिअर करतात. म्हणून तिथे गेल्यावर ‘तुमच्या पाण्यात कुठली चांगली होते’ एवढा एक प्रश्न विचारा, उत्तरातून बरंच कळतं.

दुसरी गोष्ट उकळणं. २००० मीटरवर पाणी साधारण ९३ अंशांना उकळतं, ३००० मीटरवर ९० ला. हॉप्समधून कडवटपणा निघतो तो उष्णतेने, तापमान कमी तर तो हळू निघतो, म्हणजे उंचावरच्या ब्रुअरला जास्त वेळ उकळावं लागतं किंवा हॉप्स जास्त टाकावे लागतात. त्यामुळे खालची रेसिपी जशीच्या तशी वर नेली की बिअर गोडसर लागते. उंचावर चांगली, नेमक्या कडवटपणाची आयपीए मिळाली तर समजा करणाऱ्याने त्यावर मेहनत घेतलीये. आणि हो, वर बाहेरचा दाब कमी असल्याने ओतताना फेस जास्त येतो, त्यात ओतणाऱ्याची चूक नाही.

१७. आवडलेली बिअर हेलिकॉप्टरने परत आणता येईल का?

बंद कॅन दाबाच्या फरकाने फुटत नाहीत, कॅन त्यापेक्षा कितीतरी जास्त दाब सहन करतो. प्रश्न वजनाचा आहे, ५०० मिलीचे २४ कॅन म्हणजे १२ किलोच्या वर (परत प्र. ६). नळावरून भरून दिलेली काचेची बाटली मात्र नको, ती उन्हात तापली, हलली आणि झाकण ढिलं असलं तर सगळं बाहेर. ती गाडीने न्या आणि एक-दोन दिवसांत संपवा, फार टिकत नाही.

१८. मी पीत नाही, बरोबर येऊ का? मुलं आणि गरोदर बाई असेल तर?

पीत नसाल तर नक्की या, ग्रुपला गाडी चालवायला शुद्धीतला माणूस लागतोच, पण तुम्हाला ड्रायव्हर म्हणून गृहीत धरू नका असं आधीच सांगून ठेवा. बऱ्याच ब्रुअऱ्यांकडे बिनअल्कोहोलची बिअर असते, पण त्यातल्या काहींमध्ये अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असतं, पूर्ण वर्ज्य असेल तर लेबल वाचा.

मुलांना उड्डाणाला नेता येतं, कमीत कमी वय ऑपरेटरप्रमाणे. टेस्टिंगचं वय त्या देशाच्या कायद्याप्रमाणे, बऱ्याच ठिकाणी १८, अमेरिकेत २१. गरोदरपणात बिअर अजिबात नाही, उड्डाणाचं डॉक्टरांना आणि ऑपरेटरला दोघांना विचारा.

१९. आदल्या दिवशी स्कुबा डायव्हिंग केलंय. डोंगरात तर जातोय, समुद्राशी काय संबंध?

संबंध आहे, आणि गंभीर आहे. डाइव्हनंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडत असतो, दाब अचानक कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. जास्त डाइव्ह केल्या असतील तर वर जाण्याआधी कमीत कमी १८ तास थांबा, आणि मी तर पूर्ण २४ तास सोडतो. हेलिकॉप्टरची केबिन विमानासारखी दाब राखणारी नसते. गाडीने घाट चढून वर गेलात तरी हीच गोष्ट लागू.

असेच आणखी काही अपवाद: डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन होऊन डोळ्यात गॅसचा फुगा ठेवला असेल तर तो जाईपर्यंत उंचीवर जायचंच नाही, नजर जाऊ शकते. फुप्फुसाभोवती हवा भरण्याचा त्रास नुकताच झाला असेल तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. औषधं चालू असतील तर बिअरबरोबर चालतात का ते बघा, मेट्रोनिडॅझोल ह्या नेहमीच्या अँटिबायोटिकवर तर अल्कोहोल टाळायलाच सांगतात.

२०. एवढं इंधन जाळून मौजमजा, मनाला पटत नाही.

हा प्रश्न मलाही पडतो आणि तो टाळू नये असं मला वाटतं. एच १२५ तासाला साधारण १७० ते १९० लिटर इंधन पितं. अर्ध्या तासाला ९० लिटर धरा, लिटरमागे अडीच किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सव्वादोनशे किलो, पाच जणांत वाटलं तर माणशी ४५. हे कमी नाही. त्यामुळे मी वर्षातून एकदाच जातो, सगळ्या सीट भरून जातो, आणि चक्कर लहान घेतो. घिरट्या घालून प्राणी दाखवतो म्हणणाऱ्या ऑपरेटरकडे जाऊ नका, आवाजाने कळप पळतात, पिल्लं मागे राहतात.

२१. परतीचं उड्डाण आहे आणि आमच्यातल्या एकाने ब्रुअरीत जरा जास्तच घेतली. सांभाळून नेऊ का?

नेऊ नका. अमेरिकेत तर नशेत दिसणाऱ्या माणसाला घ्यायचंच नाही असा पायलटला नियम आहे, आणि जिथे तसा नियम लिहिलेला नाही तिथेही शहाणा पायलट नाहीच म्हणेल. तो नाही म्हणाला तर ‘अहो, आम्ही धरतो त्याला’ असं करून गळ घालू नका. कमरेच्या उंचीवर उघडणारं दार, पायाखाली निसरडा उतार, डोक्यावर पंखा, आणि माणूस एकदम झटका देऊन सुटला तर कोण धरणार.

लपवून पण नेऊ नका. कॉफी, गार पाणी, ताजी हवा ह्याने माणूस जागा होतो, उतरत नाही, तो वेळ प्र. ४ मध्ये दिलाय तेवढा लागतोच. कोणीतरी एकाने त्याच्याबरोबर मागे थांबायचं, त्याला खायला घालायचं, आणि संध्याकाळी गाडीने या. पायलटला दोन सीट रिकाम्या जातायत हे मात्र निघण्याआधी सांगा, त्याला वजनाचा हिशोब परत मांडावा लागतो.